न तापवता तापलेल्या पेशी

तुम्ही लोक मला नेहमी म्हणता, "अनु, लॅबमधले किस्से लिहून काढ गं!" लिहायला काय, आत्ता लिहीन. पण आमच्याकडे किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप चढतात. कूलरच्या जाळीवर पांढरा खारट थर चढतो ना, तसे. आज घासून काढा, आठवड्याने पुन्हा आहेच!

बाकी आमच्या लॅबमध्ये काहीच टिकत नाही. पीएचडीची मुलं टिकत नाहीत, बल्ब टिकत नाहीत, मशीनची वॉरंटी तर मशीन यायच्या आधीच संपलेली असते. किस्से मात्र ढीगभर. आणि खरं सांगू? त्यात हसण्यासारखे फार थोडे आहेत. बाकीच्यांना आम्ही हसतो, कारण दुसरं काय करणार!

आधी आम्ही काय करतो ते सांगते. नाहीतर मागच्या वेळी सुधामावशी म्हणाली तसं कोणीतरी म्हणेल, "रक्त तपासतेस ना, मग माझी शुगर बघून दे की!"

तर आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. पहारेकरी समजा. ल्युपस नावाच्या आजारात हे पहारेकरी घरच्याच माणसांवर काठी चालवतात. कातडी, सांधे, किडनी, जे समोर येईल ते. बहुतेक वेळा बायकांनाच होतो, आणि तोही ऐन तरुणपणी. आता कुठलीही पेशी तापवली की ती स्वतःला सांभाळायला काही खास प्रोटीनं बनवते. त्यांना स्ट्रेस प्रोटीन म्हणतात. निरोगी माणसाच्या पेशी ती मुख्यतः तापवल्यावर बनवतात. ल्युपसवाल्या पुष्कळ बायकांच्या पेशी न तापवताच बनवत बसतात. का? तेच आम्ही शोधून राहिलोय. कितीतरी वर्षं झाली. अजूनही मला कोणी "का" विचारलं की मी चहा मागवते.

लॅब ग्वाल्हेरला, सिटी सेंटरच्या मागच्या बाजूला. आम्ही तिघं. बडे सर, म्हणजे भदौरिया सर, भिंडचे. हळू बोलले तरी पार्किंगमध्ये ऐकू येतं. शबाना आमची टेक्निशियन, सुई टोचताना हात एकदम हलका, जीभ अजिबात नाही. आणि मी.

* * *

आमचा प्रयोग ऐकायला सोपा आहे. एका बाईच्या पेशी दोन ट्यूबमध्ये घालायच्या. एक ट्यूब सदतीस डिग्रीवर, म्हणजे अंगाइतकी उबदार. तिला आम्ही "आरामवाली" म्हणतो. दुसरी बेचाळीस डिग्रीच्या पाण्यात, ती "धूपवाली". मग दोघींची तुलना करायची.

आता हा प्रयोग ज्यांनी कोणी काढला, त्यांनी ग्वाल्हेरचा मे महिना बघितलेला नव्हता. एका मे महिन्यात लाइट गेली. जनरेटर होता, पण त्याची वायर वरच्या मजल्यावरच्या मोठ्या साहेबांच्या एसीला. आमची आरामवाली ट्यूब बंद पडलेल्या मशीनमध्ये, आणि खोलीतच पंचेचाळीस! आरामवाली शिजून निघाली आणि धूपवाली त्या मानाने थंड हवेला गेल्यासारखी राहिली.

निकाल आला तर निरोगी बायकांच्याही आरामवाल्या ट्यूबमध्ये स्ट्रेस प्रोटीन भरभरून. बडे सर डोक्याला हात लावून बसले. "मतलब क्या, पूरे ग्वालियर को ल्युपस है?"

शबाना म्हणाली, "नहीं सर. पूरे ग्वालियर को मई है."

मग आम्ही थाटीपूरच्या कुंभाराकडून एक माठ आणला. त्यात थर्मामीटर लटकवला, आणि लाइट गेली की आरामवाल्या ट्यूबा माठाच्या पाण्यात. पाणी फार गार झालं तर बाहेरच्या नळाचं मगभर टाकायचं, ते उकळतंच असतं. सगळं जग पेशी तापवायला धडपडतं, आम्ही गार ठेवायला! पेपरमध्ये प्रामाणिकपणे "मातीचं भांडं वापरलं" असं लिहिलं, तर परदेशातून विचारणा आली की हे कुठल्या कंपनीचं मॉडेल आहे.

* * *

तुलनेसाठी निरोगी बायका लागतात. वय वीस ते चाळीस, आजार नको, गोळ्या नकोत. वाटतं सोपं ना? मलाही वाटलं.

मी सरांना म्हटलं, "संक्रांत आहे. लष्कर भागात आमच्या मराठी बायकांचं मोठं हळदीकुंकू असतं. एका दमात सगळ्या मिळतील." सर खूश. शबाना आणि मी बर्फाची पेटी घेऊन पोचलो. यजमानीणबाईंनी आम्हाला तुळशीजवळ टेबल लावून दिलं. बायका रांगेत येणार, कुंकू लावून घेणार, तिळगूळ घेणार आणि पुढे होऊन दंड देणार! शबाना म्हणाली, "ऐसा कैंप तो मैंने जिंदगी में नहीं देखा."

पहिलीला थायरॉइड. दुसरी बीपीची गोळी घेते, घरात कोणाला माहीत नाही. तिसरीला विचारलं, काही त्रास आहे का. "छे गं, मला काय धाड भरलीय!" म्हणाली. तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आत पांढरंफटक. चौथी गेले कित्येक महिने एक वेळ जेवते, नवस आहे. पाचवीचे सांधे सकाळी आखडतात, पण "ते काय, सगळ्यांचेच आखडतात!"

भरजरी साड्या, नथी, गजरे. हॉल नुसता झगमगत होता. आणि त्यात निरोगी म्हणावी अशी बाई शोधता शोधता माझ्या नाकी नऊ आले. मला इतकं उदास वाटलं त्या दिवशी! आजारी बायका ओपीडीत बघायची सवय होती, पण इथे सगळ्या स्वतःला ठणठणीत समजून मिरवत होत्या.

शेवटी एक सापडली. सडपातळ, हसरी, सगळं नीट. तिला म्हटलं, "अभिनंदन! तुम्ही एकदम नॉर्मल आहात." तिने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "ताई, हे कागदावर लिहून द्याल? सही-शिक्क्यासकट? सासूबाई रोज म्हणतात हिच्यातच काहीतरी खोट आहे."

मी हसले. ती हसली नाही.

* * *

वृंदा मोघे आमच्याकडे आली ती ओपीडीतून. थाटीपूरच्या नाना मोघ्यांची एकुलती एक मुलगी. आई ती लहान असतानाच गेली. नाना बिर्लानगरच्या गिरणीत रंगखात्यात होते, गिरणी बंद पडल्यावर शिकवण्या घेऊन त्यांनी पोरीला वाढवलं. पोरगी हॉकीची गोलकीपर. राज्याच्या टीममध्ये खेळून आलेली, अंगाने चिवट, तोंडाने माझ्यापेक्षा फटकळ.

तिचा आजार सुरू झाला तो गालांवर. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल लाल पसरलं. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, "काय गं वृंदे, गाल कसे गुलाबी झालेत! कोण आहे तो?" कोच म्हणाले, धूप लगी है, मुलतानी मिट्टी लगाओ. सांधे दुखायला लागले तर हाडांच्या डॉक्टरने पट्टा दिला. केस गळायला लागले तर शेजारणीने तेल दिलं. तोंडात फोड आले तर कोणीतरी सांगितलं, पोट साफ नाही. प्रत्येकाने आपापला तुकडा बघितला, अख्खी मुलगी कोणी बघितलीच नाही. त्यात वर्ष गेलं. ल्युपस हे नाव कळलं तोवर किडनीपर्यंत पोचलं होतं.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, उन्हात अजिबात जायचं नाही. उन्हाने हा आजार भडकतो. वृंदा म्हणाली, "सर, मैं गोलकीपर हूँ. हेल्मेट, पैड, ग्लव्ज, सब पहनके खड़ी रहती हूँ. धूप मुझ तक पहुँचती ही कहाँ है?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "फिर भी नहीं."

बाहेर येऊन मला म्हणाली, "ताई, बघितलंस? गोल वाचवला मी, पण अंपायरने मानलाच नाही."

* * *

नाना दर वेळी तिच्याबरोबर यायचे. आमच्या अभ्यासात नाव घालण्याआधी मी त्यांना समोर बसवून मराठीत समजावलं, "नाना, हे औषध नाही. आम्ही फक्त रक्त घेणार. याने वृंदाला काही फायदा व्हायचा नाही. पुढेमागे कोणाला झाला तर झाला. कळलं ना?"

"कळलं, कळलं," नाना म्हणाले आणि झोकात सही केली. मग चष्मा खिशात ठेवता ठेवता म्हणाले, "मग साधारण कधीपर्यंत निघेल?"

त्या माणसाला दुसरं काही नकोच होतं हो. वृंदा हातातून जायच्या आत आमच्या या खोल्यांमधून काहीतरी निघावं, बस. आणि आमच्या खोल्यांमधून निघायची ती फक्त धूळ.

थंडीत नाना तीळगुळाची गजक घेऊन यायचे. "बड्या सरांसाठी." आणि बडे सर! ज्यांच्या आवाजाने मोठे साहेब जिना बदलतात, ते आमचे बडे सर, नानांची स्कूटर खाली थांबली की कोल्ड रूममध्ये जाऊन लपायचे! खरंच सांगते. चार डिग्रीत, नुसत्या शर्टावर, पाय आपटत उभे. नाना मला विचारायचे, काही निघालं का, मी म्हणायची, चाललंय नाना, आणि नाना मान डोलावून गजकेचा डबा ठेवून जायचे.

मग शबाना कोल्ड रूमचं दार ठोठावायची. "सर, बाहर आ जाइए. बाप गया."

एकदा सर बाहेर आले ते थरथरत होते. मी म्हटलं, सर, एवढं काय, भेटा ना त्यांना. तर म्हणाले, "क्या बोलूँ उनको? हम तो बस लेते हैं. आज तक दिया क्या है किसी को?" आणि टेबलावरची गजक न खाता घरी गेले.

इकडे नानांनी घरातल्या खिडक्यांना जाड काळे पडदे लावले. संध्याकाळी ऊन उतरलं की बाप-लेक कॉलनीच्या रस्त्यावर यायचे. वृंदा दोन विटांमध्ये उभी राहायची आणि नाना, साठी उलटलेले, गुडघे दुखणारे नाना, स्टिक घेऊन तिच्यावर बॉल मारायचे. मी एकदा बघितलं. बॉल जेमतेम पोचत होता. वृंदा ओरडत होती, "नाना, जोरात! मी काय मेलेय का?"

* * *

म्हशींचा किस्सा तुम्ही ऐकलाय, पण आपल्यातल्या शैलाने नाही ऐकलेला, म्हणून पुन्हा.

पेशी जिवंत ठेवायच्या तर पातळ नायट्रोजनच्या टाकीत ठेवाव्या लागतात. शून्याच्या खाली जवळजवळ दोनशे डिग्री. तिथे त्या मरत नाहीत, झोपून राहतात. वर्षानुवर्षं. बाहेर काढून नीट उबवल्या की पुन्हा जाग्या. आता आमच्या भागात हा नायट्रोजन लागतो कोणाला? आम्हाला, आणि म्हशींना! जनावरांच्या केंद्रात जातिवंत रेड्याचं वीर्य त्याच्यातच साठवतात. गाडी एकच, ड्रायव्हर एकच. आमची मोठी टाकी गळायला लागली तेव्हा आम्ही सगळ्या पेशी छोट्या कॅनमध्ये हलवल्या आणि कॅन भरून आणायला त्याच गाडीत दिला.

संध्याकाळी कॅन आला. बड्या सरांनी झाकण उघडून चिमट्याने एक बारीक नळी बाहेर काढली. वर लिहिलेलं, "सुलतान, मुर्रा."

शबाना वाकून बघत म्हणाली, "सर, ये कौन सा पेशंट है?"

सरांचा चेहरा पांढरा पडला. फोन उचलला आणि अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जाईल असे ओरडले, "अरे, हमारी औरतें तुम्हारे यहाँ आ गई हैं!"

पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "नहीं साहब. हमारे यहाँ तो सिर्फ भैंसें हैं."

सर स्वतः जीप घेऊन गेले आणि कॅन मांडीवर घेऊन परत आले. एकही नळी गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी वृंदा रक्त द्यायला आली, तिला मी सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं ताई वेळेवर कळलं! नाहीतर भितरवारच्या एखाद्या म्हशीला जाऊन सांगावं लागलं असतं, बाई गं, उन्हात जाऊ नकोस!"

आणि हसत सुटली. तोंडातले फोड फुटून ओठावर रक्त आलं, शबाना कापूस घेऊन धावली, तरी हसतेच आहे. इतकं हसताना मी तिला पुन्हा बघितलं नाही.

* * *

स्टेरॉइड सुरू झाले की चेहरा सुजतो. वृंदाचा गोल गरगरीत झाला. एका मुंजीत कोणी काकू तिची हनुवटी धरून म्हणाल्या, "चला, बाळसं धरलं हो पोरीने! आता उरकून टाका नाना."

वृंदा म्हणाली, "काकू, किडनीसकट उरकायचं का?"

काकूंना कळलं नाही. त्यांनी आशीर्वाद दिला.

* * *

आणि मग एकदाचं निघालं!

हो, निघालं. माठ-बिठ सगळं सांभाळून, पुन्हा पुन्हा करून, एका सकाळी निकालाच्या फिल्मवर पट्ट्या उमटल्या. स्ट्रेस प्रोटीन जितकं जास्त, तितकी पट्टी काळी. निरोगी बायकांच्या धूपवाल्या ट्यूबची पट्टी काळीभोर. आणि तिच्या शेजारी वृंदाची आरामवाली, अजिबात न तापवलेली, तितकीच काळीभोर! डोळ्यांनी फरक करता येईना. बडे सर फिल्म हातात धरून खोलीभर नाचले. कचोऱ्या आल्या. शबानाने मोठ्या साहेबांच्या शिपायालाही दिल्या.

मी रिक्षा करून थेट हॉस्पिटलमध्ये गेले. वृंदा तेव्हा ॲडमिट होती, किडनी जवळजवळ थांबली होती, डायलिसिस चालू होतं. नाना बाकावर बसले होते. मी धापा टाकत म्हटलं, "नाना, निघालं!"

नाना उभे राहिले. त्यांना उभं राहायला किती त्रास होतो ते मला माहीत आहे, पण असे ताडकन उभे राहिले. "औषध?"

"औषध नाही नाना. एवढं कळलं की, तिच्या पेशी न तापवताच तापल्यासारख्या वागतात. सारख्या. चोवीस तास."

नाना हळूहळू खाली बसले. आतून वृंदाचा आवाज आला, बसलेला, पण तोच.

"ताई, एवढ्यासाठी इतकं रक्त काढलंस? मला विचारलं असतंस तर मी फुकट सांगितलं असतं!"

वृंदा एप्रिलमध्ये गेली. आधी किडनी, मग इन्फेक्शन, मग सगळंच. कॉलनीतल्या बायका म्हणाल्या, सुटली बिचारी. मला त्या शब्दाची चीड येते. सुटली काय? तिला सुटायचं नव्हतं, खेळायचं होतं. सव्वीस वर्षांची मुलगी आमच्या डोळ्यांसमोर गेली, आम्हाला तिच्या पेशींचं सगळं माहीत होतं, आणि त्या माहितीचा तिला काडीचा उपयोग झाला नाही. हे मी किस्सा म्हणून सांगत नाहीये. सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही म्हणून सांगतेय.

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

आमचा पेपर गेला होता परदेशात. तिथे आपलं लिखाण तपासायला अनोळखी परीक्षक असतात. त्यातल्या एकाने लिहिलं, काम चांगलं आहे, पण एक गोष्ट हवी. जिचा आजार सर्वांत वाईट थराला गेला, अशा एका पेशंटच्या सुरुवातीच्या काळातल्या पेशी घ्या, अर्ध्या सदतीसवर ठेवा, अर्ध्या बेचाळीसवर, आणि दोन्हींची पट्टी शेजारी शेजारी दाखवा. तेवढं केलंत तर पेपर नक्की.

अशी पेशंट एकच होती. टाकीत तिची पहिल्या खेपेची एक नळी उरली होती. एकच.

बडे सर म्हणाले, "घरवालों से पूछना पड़ेगा. तुम पूछो, मराठी में." मी फोन केला. नाना म्हणाले, "फोनवर नको. मी येतो."

मे महिना. दुपारचे आले, डोक्याला ओला पंचा गुंडाळून. स्कूटर विकली होती, टेम्पोने आले. मी सरांकडे बघितलं. सर कोल्ड रूमकडे गेले नाहीत. खुर्ची ओढून नानांना बसवलं, स्वतः पाण्याचा ग्लास आणला.

नाना पाणी प्यायले नाहीत. मला म्हणाले, "तेरावा झाला, अस्थी सोडून आलो. मला वाटलं सगळं झालं. आणि तू फोनवर म्हणालीस, ती इथे जिवंत आहे."

"नाना, ती नाही. तिच्या पेशी."

"हो, तेच."

त्यांना बघायचं होतं. सरांनी टाकीचं झाकण उचललं. आतून पांढरा धूर वर आला आणि कडेवरून खाली सांडला. नळी काही दिसत नाही, नुसता धूर. नानांनी त्यात हात धरला. मी घाबरले, पण सरांनी त्यांचं मनगट धरून हात वरच्या वर ठेवला. दोघं तसेच उभे राहिले.

"चांगलं गार आहे," नाना म्हणाले. "बरं आहे. इथे बरं आहे."

मग सरांना हिंदीत विचारलं, "अब क्या करेंगे साहब?"

सरांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. "बाहर निकालेंगे. जगाएँगे. फिर आधी को सैंतीस पर रखेंगे, आरामवाली में. और आधी को..." सर थांबले. "बयालीस पर. धूपवाली में."

नानांनी खिडकीकडे बघितलं. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. खिडकीला पडदा नव्हता आणि काचेतून ऊन थेट टेबलापर्यंत आलं होतं.

"आधी-आधी मत कीजिए साहब," नाना हात जोडून म्हणाले. "पूरी की पूरी आरामवाली में रख लीजिए. उसे धूप में मत निकालिए."

मी सांगायला गेले, "नाना, ते ऊन नसतं हो, कोमट पाणी असतं. आणि पेशींना काही कळत..."

सरांनी माझ्याकडे न बघता हात वर केला.

नानांना टेम्पोपर्यंत सोडायला सर स्वतः खाली गेले. शबानाने बेचाळीसचं पाणी आधीच लावून ठेवलं होतं, लाल दिवा चालू होता. सर वर आले, स्विच बंद केला आणि प्लग काढून वायर गुंडाळून ठेवली.

पुढच्या आठवड्यात आम्ही नळी काढली. सगळ्या पेशी सदतीसवर. एकच पट्टी आली आणि पेपरबरोबर एकच पाठवली.

परीक्षकाचं उत्तर आलं. बेचाळीस डिग्रीची ट्यूब कुठे आहे? केली नसेल तर शास्त्रीय कारण द्यावं.

उत्तरं नेहमी मी लिहिते. सरांनी मला उठवलं, स्वतः बसले, आणि एका बोटाने टाइप करत राहिले. मी मागे उभी राहून वाचलं. इंग्रजीत एकच ओळ होती.

"पेशंटला ऊन सोसत नाही."